इसोदानीचा दगड

"...आणि खलाशांच्या बायका या दगडावर नुसता तळहात टेकायच्या," ओरिए नागामी माइकवर सांगत होती. "जो माणूस अजून परतला नाही, त्याचं नाव मनातल्या मनात घ्यायच्या आणि मागे न बघता थेट देवळाच्या तोरी कमानीपर्यंत चालत जायच्या. मागे वळून पाहिलं, तर समुद्र त्या माणसाला ठेवून घेतो, अशी इथल्या लोकांची समजूत होती."

इथे ती चार सेकंद थांबायची, तशी आजही थांबली. या चार सेकंदांत बसमधल्या बायका हमखास उसासा टाकतात, तसा त्यांनी टाकला. तिसऱ्या रांगेतल्या जाड बाईने सुका माकूळ चघळायचा थांबवून डोळ्यांना रुमाल लावला. ही बाई सकाळपासून तिसऱ्यांदा रडत होती. एकदा बस सुटताना, एकदा सरोवरावरची बदकं बघून आणि आता. ओरिएच्या मते प्रवाशांच्या दोनच जाती होत्या, झोपणाऱ्यांची आणि रडणाऱ्यांची. त्यातले झोपणारे परवडले. त्यांच्यासाठी निदान चेहरा करून उभं राहावं लागत नाही.

आजची सहल योनागोच्या ज्येष्ठ महिला मंडळाची होती. एकतीस बायका, एकतीस पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत दुसरीला आग्रह करून खायला घालायचं काहीतरी. नोव्हेंबर होता. साऱ्या देशातले देव या महिन्यात समुद्रावरून या किनाऱ्याला येतात, म्हणून बाकीच्या मुलखात याला बिनदेवांचा महिना म्हणतात. देव इकडे येतात आणि त्यांच्यामागून म्हाताऱ्या येतात, असं ओरिए नव्या ड्रायव्हरांना सांगायची. आजचा ड्रायव्हर आदाची तिच्या निम्म्या वयाचा होता. ते ऐकून तो सकाळी नम्रपणे हसला होता. हल्लीचे ड्रायव्हर सगळ्यालाच नम्रपणे हसतात.

सातव्या रांगेत खिडकीशी बसलेली बाई मात्र रडत नव्हती आणि झोपलीही नव्हती. बारीक अंगाची, सत्तरीकडे झुकलेली, राखाडी हातमोजे घातलेली ती बाई समुद्राकडे न बघता सरळ ओरिएकडे बघत होती. सकाळी यादी वाचताना ओरिएने ते नाव वाचलं होतं. कादोवाकी फुसाए. या भागात कादोवाकी पैशाला पासरी सापडतात, असं तिने स्वतःला सांगितलं आणि यादी मिटून ठेवली.

पस्तीस वर्षांपूर्वी इसोदानीला कुत्रं विचारत नव्हतं. देऊळ नऊशे वर्षांचं, कड्याच्या टोकावर समुद्राकडे तोंड करून उभं, पण छपरावर घातलेली झाडाची साल कुजलेली आणि आवारात गुडघाभर गवत. गावात चाळीसेक घरं होती. वर्षातून एकदा गावकरी वेळूच्या नळीत समुद्राचं पाणी भरून आणत, ते पायऱ्यांवर शिंपडत आणि शेवाळाच्या जुड्या कठड्याला बांधून घरी जात. तो खरा रिवाज, पण बघायला कोणी येत नसे. बसगाड्या वरच्या रस्त्याने मोठ्या देवस्थानाकडे निघून जात.

एक दिवस बसच्या पंख्याचा पट्टा इसोदानीच्या फाट्यावरच तुटला. ओरिए तेव्हा बावीस वर्षांची, नोकरीला सहा महिने झालेली. ड्रायव्हर होता कादोवाकी. वय एकतीस, खांदे रुंद, बायकोने इस्त्री केलेला शर्ट. तो बाह्या वर करून इंजिनात शिरला आणि चाळीस प्रवासी ओरिएच्या अंगावर पडले. ती त्यांना घेऊन देवळात उतरली. पाच मिनिटांत देऊळ बघून झालं. लोक घड्याळ बघायला लागले आणि एका सुटातल्या गृहस्थाने कंपनीत तक्रार करायची भाषा काढली.

कोपऱ्यात एक दगड पडला होता. वादळात दगडी दिव्याचा खांब कोसळला होता, त्याची ती बैठक. मध्ये खांब रोवायचं भोक, वर कावळ्यांची घाण. ओरिएने त्याच्याकडे बोट दाखवलं आणि ती बोलायला लागली. खलाशांच्या बायका, तळहात, नाव, मागे न बघणं, समुद्राचं ठेवून घेणं, सगळं एका दमात तोंडातून आलं. कुठून आलं ते तिलाही सांगता आलं नसतं. बोलून झालं तेव्हा कोणी घड्याळ बघत नव्हतं. मग तो सुटातला गृहस्थच पुढे झाला, त्याने रुमालाने दगड पुसला आणि हात टेकला. त्याच्यामागे रांग लागली.

पट्टा बसवून कादोवाकी हात पुसत आला तो ही रांग बघून थबकलाच. आपण काय केलं ते तिने हळूच सांगितल्यावर हसण्याने त्याचे खांदे हलायला लागले. परतीच्या वाटेवर स्टिअरिंग धरूनही तो मधूनमधून हलत होता. शेवटी हळूच म्हणाला, "तू उद्या देवसुद्धा तयार करशील."

लोकांना काहीही सांगितलं तरी चालतं, हे ओरिए त्या दिवशी शिकली आणि त्या दिवसापासून तिने लोकांना कधी माफ केलं नाही. जो हात टेकेल तो तिच्या मनातून उतरायचा. पहिल्या वर्षी शंभरेक माणसं उतरली असतील, पुढे हजारो. दुसऱ्या गाड्यांच्या गाइडांनी ती गोष्ट उचलली. एका मासिकात फोटो आला. गावाने माकूळ वाळत घालायच्या जागेवर गाड्यांसाठी डांबर घातलं, दगडातलं भोक सिमेंटने बुजवलं म्हणजे कोणाची बोटं अडकायला नकोत, आणि देवळावर नवी साल चढली. आता तिथे ताइतांचं दुकान होतं. ताइतात खडा असायचा. शहरातून आठवड्यातून दोनदा येणाऱ्या तरुण पुजाऱ्याने पाटी लावली होती, तिच्यावर दगडाला 'प्रतीक्षाशिळा' असं भारदस्त नाव होतं आणि पहिलेच शब्द होते, 'प्राचीन काळापासून'. पाटीसमोर उभं राहून ओरिए दर वेळी मनात हसायची. पण एकट्याने हसण्यात मजा नसते.

बारा वर्षं ती हे हसू कादोवाकीबरोबर वाटून घेत होती. प्रवासी रांगेत लागले की दोघं देवळामागच्या खडकांवर जाऊन बसत आणि त्याचा डबा खात. ती घरून डबा आणायची नाही. त्याच्या डब्यात भात, खारवलेला मासा, लोणच्याचा मुळा आणि अंड्याची वळकटी. सुरुवातीचे काही दिवस सोडले तर वळकटी कायम गोड, इतकी गोड की दात शिवशिवायचे. ती एकटी खायची आणि खाताना नावं ठेवायची. "तुमच्या घरी साखरेची खाण आहे का?" असं विचारायची. ज्या बाईला बारा वर्षांत अंड्यात साखर किती घालायची ते कळलं नाही, तिला नवरा कसा कळणार, असं तिचं मत होतं. तो बायकोबद्दल कधी काही बोलत नसे, बरं नाही आणि वाईटही नाही. लग्न मोडायची गोष्ट त्याने काढली नाही आणि ओरिएनेही विचारली नाही. विचारणाऱ्या बायका तिला रडणाऱ्या प्रवाशांसारख्या वाटायच्या.

पुढे त्याच्या डोळ्यांना त्रास सुरू झाला. कंपनीने त्याला गाडीवरून काढून डेपोत, वेळापत्रकाच्या टेबलावर बसवलं. तिथून सगळं आपोआप थांबलं. भांडण झालं नाही, निरोपही झाला नाही. तो तिला डेपोत आडनावाने, 'नागामी-सान' म्हणायला लागला, एवढंच. या फेब्रुवारीत तो गेला. कंपनीच्या माणसांबरोबर तीही काळा कोट घालून अंत्यविधीला गेली. विधवा मान खाली घालून बसली होती. ओरिएला फक्त तिची मान दिसली, बारीक आणि पांढरी. तेवढ्यावरूनही तिने मत बनवलं, की ही मान नेहमीच अशी खाली असणार.

आता बस डांबरावर थांबली. देवळाच्या पंचांपैकी नोसाका आजोबा हातात भोंगा घेऊन कमानीखाली उभे होते. ऐंशी वर्षांचे, पाठीत ताठ, डोक्यावर मासेमारांची टोपी. देवळाचं सगळं तेच बघत.

"बायकांनी डावा हात टेकायचा," भोंगा बोलला. "पुरुषांनी उजवा. हातमोजे काढून. नाव मनात, मोठ्याने नको."

हे डावं-उजवं दहाएक वर्षांपूर्वी कुठूनसं आलं होतं. ओरिएने कधी सांगितलं नव्हतं. तिच्या गोष्टीला कोणीतरी शेपूट चिकटवलं होतं आणि ते आता मूळ गोष्टीपेक्षा जोरात हलत होतं. बायकांनी लगबगीने हातमोजे काढले. आपलं डावं कोणतं यावर दोघींत हुज्जत झाली. रडक्या बाईने माकुळाची पिशवी मैत्रिणीकडे दिली आणि ती रांगेत पहिली उभी राहिली.

ओरिए बाजूच्या बाकावर जाऊन बसली. रांगेच्या शेवटी राखाडी हातमोजे होते. रांग पुढे सरकली, हातमोजे सरकले नाहीत. मग ते रांगेतून बाहेर पडले आणि बाकाकडे आले.

"बसू का इथं?" फुसाए कादोवाकीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बसली. "तुम्ही आमच्या ह्यांच्या गाडीवर होतात ना."

ओरिएने तोंडावर कंपनीचं हसू आणलं. होते, बरीच वर्षं होते, म्हणाली. फेब्रुवारीत मीही येऊन गेले, पण एवढ्या गर्दीत तुमच्या लक्षात नसेल.

"आहे की. काळा कोट होता. ऊद टाकताना तुम्ही एकच चिमूट टाकलीत. बाकी सगळे तीन-तीन टाकत होते."

मान खाली घालून बसलेल्या त्या बाईने चिमटी मोजल्या होत्या.

"मघापासून रांगेत होते," फुसाए म्हणाली, "मग म्हटलं, आधी विचारून घ्यावं. हा दगड खरा आहे का हो?"

पस्तीस वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं. प्राध्यापक आले होते, फोटोवाले आले होते, एकदा शिक्षक अख्खी शाळा घेऊन आले होते. कोणाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. आणि विचारणारी कोण, तर ही गोड वळकटीवाली. ओरिएला तिचे ते नीट घडी घातलेले हात बघून एकदम चीड आली. ही हात टेकणार, नवऱ्याचं नाव घेणार, आणि घरी जाऊन शेजारणीला सांगणार की हलकं वाटलं. हिला तरी ते मिळू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं.

"खोटा आहे," ती म्हणाली. "दिव्याच्या खांबाची बैठक आहे ती. गोष्ट मी रचली. बस बंद पडली होती आणि लोक ओरडत होते म्हणून. कादोवाकी-सान वर फाट्यावर पट्टा बसवत होते. त्यांना सगळं माहीत होतं."

फुसाएने मान डोलावली. तिला धक्का बसल्यासारखं काही दिसलं नाही. "म्हणजे दगड खोटा हे ते खरं सांगायचे," ती म्हणाली. "फक्त गोष्ट त्यांनी रचली असं म्हणायचे."

"कोणी?"

"ह्यांनी. घरी पाहुणे आले की हटकून सांगायचे. मुलांना तर पाठ होती. गाडीवर एक नवी पोरगी होती म्हणे, तिला दोन वाक्यं धड जुळवता येत नव्हती, लोकांपुढे रडकुंडीला आली होती. मग हे इंजिनात डोकं घालून एकेक ओळ सांगत गेले आणि ती पोपटासारखी म्हणत गेली. शेवटी म्हणायचे, गोष्ट माझी आणि नाव त्या पोरीचं झालं, जाऊ दे."

कमानीखाली भोंगा पुन्हा डावं-उजवं सांगत होता. ओरिए ते ऐकत राहिली. त्या दिवशी बस वर फाट्यावर होती आणि देऊळ खाली, मध्ये शंभर पायऱ्या. इंजिनातून ओळी सांगायला त्याला काय कर्णा लागला असता. एवढा साधा हिशेबही त्याच्या घरात कोणी केला नव्हता. आणि त्याचे ते हसताना हलणारे खांदे तिने इतकी वर्षं मनात जपून ठेवले होते. जगात ही गोष्ट तिची आहे हे माहीत असलेला एकच माणूस होता आणि तो जेवणाच्या टेबलावर बसून ती आपल्या नावावर करत होता. अर्ध्या मुलखात ती गोष्ट ज्याच्या-त्याच्या तोंडी होती, त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. हे मात्र लागलं.

"आणि डबा तुम्ही खात होतात ना?" फुसाएने विचारलं. आवाज तोच, हवापाण्याची चौकशी करावी तसा.

ओरिएने मान हलवली. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

"ह्यांना गोड चालायचं नाही. वळकटी मी मिठाचीच करायचे, तरी अर्धी परत यायची. मग एका वर्षी डबा चाटूनपुसून यायला लागला. तेव्हाच समजले, की खाणारं कोणी दुसरं आहे. म्हणून साखर घालायला लागले."

"मुद्दाम?"

"चव बिघडवायला. म्हटलं, जी कोण असेल ती थुंकून टाकेल, नाहीतर ह्यांना बोलेल आणि हे घरी येऊन मला बोलतील. म्हणजे निदान विषय निघेल. रोज मूठ मूठ साखर घालत होते. पण तुम्ही खातच राहिलात. मला तर वाटायचं, किती उपाशी असेल ही बया."

बारा वर्षं ओरिए त्या खडकांवर बसून या बाईला हसत होती. आणि तिकडे स्वयंपाकघरात ही बाई तिची कीव करत होती. कोणीतरी आपल्यालाही मनातून उतरवलं असेल, असं तिला कधी सुचलंच नव्हतं. आणि त्यातलं वाईट हे, की बाई चुकत नव्हती.

ओरिए उठली. कुठे जायचं ते तिने ठरवलं नव्हतं, पण पाय कमानीकडे गेले. निदान एक गोष्ट तरी तिची होती आणि ती आज परत घ्यायची होती. ती नोसाका आजोबांसमोर उभी राहिली आणि हळू आवाजात बोलली. पण आजोबांनी भोंग्याचं बटण सोडलं नव्हतं, त्यामुळे तिचं बोलणं साऱ्या आवाराला ऐकू गेलं. या दगडाची गोष्ट जुनी नाही, पस्तीस वर्षांपूर्वी याच जागी उभं राहून मी ती मनाने रचली, पाटीवर लिहिलंय ते साफ चूक आहे, असं ती म्हणाली.

रांग थांबली. आजोबांनी भोंगा खाली केला. ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"बाई, माझी आजी इथं हात टेकायची," ते म्हणाले. "आजोबा होडी घेऊन गेले ते आले नाहीत. मी चार वर्षांचा होतो. तिचं बोट धरून उभा असायचो, इथंच."

"तेव्हा या दगडावर दिवा उभा होता, आजोबा."

"मग दिव्याला टेकत असेल."

रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. ओरिएने म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघितलं. लबाडी तिला ओळखता यायची, तिचा धंदाच तो होता. इथे लबाडी नव्हती. त्या माणसाला आजी दिसत होती, तिचा तळहात दिसत होता, कदाचित तिच्या हातांना येणारा माशांचा वासही येत होता. ओरिएने सांगितलेली आजी त्याच्या आजीत कधीच मिसळून गेली होती आणि आता दोघींना वेगळं काढणं कोणाच्या हातात नव्हतं. ती पुरावा मागू शकली असती. पण तिच्याकडे तरी कोणता होता?

"तुम्ही लोकांना आणलंत, आम्ही तुमचं मानतो," आजोबा पुढे म्हणाले. त्यांच्या आवाजात आता थोडी धार आली होती. "पण सांगणाऱ्या तुम्ही, करणारे आम्ही. बाहेरच्या माणसाला आमच्या रिवाजांचं हसू येतं, हे आम्हाला ठाऊक आहे. हसायचं असेल तर गाडीत बसून हसा."

आदाची धावत आला आणि कमरेत वाकून तिच्या वतीने माफी मागायला लागला. नागामी-सान सकाळपासून दमल्या आहेत, येत्या मार्चला निवृत्त होणार आहेत, असं काहीबाही तो बोलत होता. रडकी बाई दगडापासून परत आली होती. तिने ओरिएचा दंड थोपटला. "इतक्या वेळा सांगून सांगून असं होतं हो, गाइडबाई. आपलंच वाटायला लागतं," ती मायेने म्हणाली आणि माकुळाची पिशवी पुढे केली. ओरिएने एक तुकडा घेतला. न घेणं शोभलं नसतं.

रांग पुन्हा चालू झाली. तळहात टेकले जात होते, ओठ हलत होते. तरुण पुजारी ताइतांच्या दुकानाच्या दारात येऊन फोनवर काहीतरी बघत उभा होता, त्याने मानही वर केली नव्हती.

फुसाए बाकावर होती तशीच बसली होती. ओरिए परत येऊन तिच्याशेजारी बसली, कारण आवारात दुसरीकडे बसायला जागा नव्हती. ओरिए माकूळ चघळत होती आणि तो काही तुटत नव्हता.

"मला पहिल्यापासून पटलं नव्हतं," फुसाए एकाएकी म्हणाली.

"काय?"

"ह्यांनी रचली म्हणून. अहो, नव्या वर्षाच्या पत्रांवर दोन ओळी लिहायच्या तर तासभर पेन चावत बसायचे, शेवटी मीच लिहून द्यायचे. आणि समुद्र माणसाला ठेवून घेतो, हे ह्यांना सुचणार?" तिने नाकाने एक बारीकसा आवाज काढला. "आज गाडीत तुमच्या तोंडून ऐकलं आणि खात्रीच झाली. तो माणूस सात जन्म बसला असता तरी जमलं नसतं. तुमचंच आहे ते."

ओरिएने तिच्याकडे पाहिलं. अनुकंपा नव्हती त्या चेहऱ्यावर. हुशार बाईला मूर्ख माणसाबरोबर आयुष्य काढावं लागलं की येतो तो कंटाळा होता, जुना, घासूनपुसून गुळगुळीत झालेला.

"गाडीत गाणी म्हणायचे," ओरिए म्हणाली. "प्रवाशांनी आग्रह केला की."

"सुरात?"

"नाही."

"घरी पण नाही. वरची जागा आली की खोकायचे. लोकांना वाटायचं खोकला आला."

"मलाही वाटायचं," ओरिए म्हणाली. ते खरं होतं. ती त्याच्यासाठी खोकल्याच्या गोळ्या ठेवायची पर्समध्ये, बारा वर्षं ठेवायची. ते तिने सांगितलं नाही. फुसाएला बहुधा कळलं असावं, कारण ती पहिल्यांदाच हसली, तोंड मिटून, खांदे न हलवता. मग दोघींनी मिळून त्या मेलेल्या माणसाची बरीच उणीदुणी काढली. त्याचं शर्टाच्या इस्त्रीबद्दलचं कौतुक, डेपोतल्या साहेबापुढे त्याचं लवणं, नकाशा उलटा धरणं आणि तरी न विचारणं. एकीला आठवलं की दुसरी त्यात भर घालायची. ओरिएला किती दिवसांनी कोणाबरोबर तरी हसायला मिळत होतं, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण काय बघून त्याच्यामागे बारा वर्षं घालवली ते आता आपल्याला सांगता येणार नाही. शेजारच्या बाईलाही चाळीस वर्षांचं सांगता आलं नसतं.

निघायची वेळ झाली. नोसाका आजोबांनी भोंग्यावरून सगळ्यांना परत यायचं आमंत्रण दिलं. फुसाए उठली, तिने हातमोजे नीट ओढून बोटांत बसवले आणि दगडाकडे न जाता सरळ बसकडे निघाली. दगडासमोरून जाताना तिने त्याच्याकडे एक नजर टाकली, भाजीवाल्याकडच्या शिळ्या भाजीवर टाकावी तशी.

बस इसोदानीच्या चढाला लागली. तो रस्ता एका वेळी एकाच गाडीपुरता, एका हाताला कडा आणि दुसऱ्या हाताला कमरेएवढी दगडी भिंत, तिच्यापलीकडे समुद्र. ओरिए माइक हातात घेऊन उभी होती. परतीच्या वाटेवर म्हणायचं काय ते तिला तोंडपाठ होतं, पण तिने सुरुवात केली नव्हती. बायका पेंगायला लागल्या होत्या. दुसऱ्या वळणावर समोरून सिमेंटचा ट्रक आला आणि नाकाला नाक लावून थांबला. ट्रकला मागे जायला वाव नव्हता. बसलाच दोनशे मीटर मागे, जुन्या कठड्याजवळच्या रुंद जागेपर्यंत जायला हवं होतं. आदाचीचे कान लाल झाले. हा रस्ता त्याने उलटा कधी केला नव्हता.

ओरिएने माइक अडकवला, टोपी नीट केली आणि खिशातली शिट्टी काढून ती खाली उतरली. बाहेर वारा होता. समुद्र पांढरा झाला होता आणि भिंतीवरून तुषार येत होते. ती बसच्या मागे गेली, आदाचीच्या आरशात आपण दिसू अशा बेताने उजवीकडे उभी राहिली आणि हात वर केला.

शिट्टी दोनदा लहान वाजली, म्हणजे ये. बस मागे सरकली. ओरिए पाठीमागे पावलं टाकत हात हलवत होती, ये, ये, थोडं डावीकडे, ये. मागच्या चाकापासून भिंत हातभर होती, मग वीतभर झाली. तिने तळहात उभा धरला, बस थबकली, तिने बोटं किंचित वाकवली, बस भिंतीपासून सुटली. टोपीचा पट्टा हनुवटीत रुतत होता. शिट्टीत खारं पाणी गेलं तरी ती तशीच वाजत राहिली. मागच्या काचेआड एकतिसातल्या तीस जणींना काही पत्ता नव्हता. त्या झोपल्या होत्या, नाहीतर फोटो दाखवत होत्या. राखाडी हातमोजे मात्र सातव्या रांगेतून उठून मागच्या बाकावर आले होते आणि फुसाए काचेवरची वाफ पुसून खाली बघत होती.

रुंद जागा आली. ओरिएने मूठ बंद केली आणि शिट्टी एकदाच, लांब वाजवली. बस थांबली. चाक आणि भिंत यांच्यात चार बोटं जागा उरली होती. तिने वाकून ती पाहिली, मग ट्रकला हात करून वाट मोकळी असल्याचं सांगितलं. ट्रकवाला जाताना हॉर्न वाजवून आभार मानून गेला. ट्रक वळणाआड दिसेनासा होईपर्यंत ती रीतीप्रमाणे कमरेत वाकून उभी राहिली आणि मग, काचेआडच्या फुसाएसाठी कसलाही चेहरा न करता, दाराकडे चालू लागली.